मोसंबीच्या सालीने सांडपाण्यातलं शिसं काढताना

मोसंबीच्या सालीतलं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा चिकट पदार्थ) शिसं, तांबं, कॅडमियम धरून ठेवतं. पण साल नुसती वाळवून, दळून पाण्यात टाकली तर पेक्टिनच विरघळतं. पाणी पिवळं, बुळबुळीत होतं आणि गाळणकागद तुंबतो. म्हणून आधी चुना द्यायचा.

ताजी साल धुऊन मिक्सरमधून पाण्यासोबत रवाळ वाटा. १०० ग्रॅम सालीला ८ ग्रॅम विरलेला चुना घालून रात्रभर ढवळत ठेवा. चुन्याने पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जातं, शिवाय धातू धरणाऱ्या जागा वाढतात. मग कापडातून गाळा आणि निथळणाऱ्या पाण्याचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ७-८ वर येईपर्यंत धूत राहा. घाई इथेच नडते. उरलेला चुना पुढे पीएच चढवतो, शिसं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं आणि श्रेय मात्र सालीला मिळतं. धुतलेला चोथा ६० अंश सेल्सियसला वाळवून ०.५ ते १ मिमीचा दाणा चाळून घ्या. बारीक पीठ गाळताना त्रास देतं.

आता १ लिटर सांडपाण्याला ५ ग्रॅम दाणा. पीएच ५ ठेवा, तोही पातळ नायट्रिक आम्लाने. गंधकाम्ल वापरलंत तर शिशाचा सल्फेट साका बसेल. पीएच ३ खाली गेला की हायड्रोजन आयन धातूची जागा अडवतात. २ तास ढवळा, दर १५ मिनिटांनी पीएच बघा. शेजारी साल न घातलेलं भांडंही ठेवा. त्यातही शिसं कमी झालं, तर ते सालीचं काम नव्हे. समजा शिसं लिटरमागे ५० मिलिग्रॅमवरून २ वर आलं, तर (५०−२)÷५, म्हणजे १ ग्रॅम दाण्याने ९.६ मिलिग्रॅम धरलं.

प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) पाण्यात सायनाइड असेल तर आम्ल अजिबात घालू नका, जीवघेणा वायू निघतो. सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) ऋणभारित रूपात असतो, म्हणून पीएच ५ वर तो सालीला फारसा चिकटत नाही. आणि ही रीत पिण्याच्या पाण्यासाठी नाही: तिथे शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

०.१ मोलर, म्हणजे पातळ, नायट्रिक आम्लाने वापरलेल्या सालीतलं शिसं सुटतं; साल धुऊन, चुन्याच्या निवळीत बुडवून पुन्हा वापरता येते. ते आम्ल आणि थकलेली साल दोन्ही घातक कचरा. खतात, चुलीत, गटारात नको. झाकणबंद डब्यात लेबल लावून परवानाधारक केंद्राकडेच द्या.