घरी हेडफोन बनवताय? स्पीकरचे नियम तिथे लावू नका, या चुका टाळा

नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत एक फेरी मारली की दोन इंची फुल-रेंज स्पीकर, पीएएम ८४०३ चा चिमुकला अँप्लिफायर बोर्ड, साडेतीन एमएमचा जॅक आणि जुन्या हेडफोनचे रिकामे कप, सगळं पिशवीत येतं. हे जोडून घरचा हेडफोन बनवणाऱ्या पोरांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "बेस त भल्ला येऊन राह्यला भाऊ, पण गाणाऱ्याचा आवाजच दबते." मग इक्वलायझरशी झटापट होते, मग कपात कापूस कोंबला जातो, शेवटी स्पीकर बदलला जातो. नवा स्पीकरही तसाच वाजतो.

सोल्डरिंग चुकलेलं नसतं आणि स्पीकरही खराब नसतो. लाउडस्पीकर खोलीतली मोकळी हवा हलवायला बनवलेला असतो. हेडफोनला कानाशी कोंडलेली थोडीशी हवा दाबायची असते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात, म्हणून आधी हेच नीट पाहू.

स्पीकर उचलून थेट कपात बसवणं

सुई काढलेली सिरिंज घ्या. तोंड उघडं असताना दट्ट्या सावकाश ढकलला तर हवा निघून जाते, दाब तयारच होत नाही. झोत हवा असेल तर झटका द्यावा लागतो. आता तोंडावर बोट दाबून धरा. दट्ट्या कितीही सावकाश ढकला, बोटाला दाब लागतोच. खोलीतल्या स्पीकरचं काम उघड्या तोंडासारखं चालतं, कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) किती वेगानं झटका देतो यावर आवाज ठरतो. कानावर घट्ट बसलेल्या हेडफोनचं काम बंद तोंडासारखं असतं, तिथे पडदा किती सरकला एवढंच बेससाठी महत्त्वाचं.

आकड्यांत हा फरक फार मोठा आहे. भिंतीत बसवलेल्या ८ इंची वूफरला (बेसच्या मोठ्या स्पीकरला) १ मीटरवर ५० हर्ट्झचा ९४ डेसिबल आवाज द्यायचा असेल तर कोनला सुमारे साडेतीन मिलिमीटर पुढे आणि तेवढंच मागे जावं लागतं. हेडफोनमध्ये ५० घन सेंटिमीटर हवा पक्की कोंडली आहे असं धरा. तेवढाच आवाज द्यायला ४० मिलिमीटरचा पडदा साधारण ०.०००५ मिलिमीटर हलला तरी पुरतो. हलवायच्या हवेचा हिशेब केला तर फरक दीड लाख पटीचा आहे.

आता त्या दबलेल्या आवाजाकडे या. दोन इंची स्पीकरचा रेझोनन्स, म्हणजे ज्या हर्ट्झला कोन आपसूक डोलतो तो, बहुधा दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या वर गेल्यावर हर्ट्झ दुप्पट झाले की कोनची हालचाल एक चतुर्थांश होते. खोलीत हे अगदी हवं तसं आहे, कारण हालचाल कमी झाली तरी झटका तेवढाच राहतो आणि आवाज सपाट मिळतो. कपात मात्र दाब हालचालीवर चालतो. म्हणून रेझोनन्सच्या खालचं सगळं भरभरून ऐकू येतं आणि वरचं, म्हणजे नेमका गाणाऱ्याचा आवाज, उतरत जातो. खोलीत ज्या स्पीकरला बेस नाही म्हणून नावं ठेवली, तोच कपात घुमतो तो यामुळे.

यावर खरा उपाय म्हणजे हेडफोनसाठीच बनवलेला ४० किंवा ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग. त्याचा पडदा पातळ प्लास्टिक फिल्मचा, अगदी हलका असतो. ड्रायव्हर उलटा करून पाहा. मागे भोकं दिसतील आणि त्यांवर पांढरा किंवा काळा सच्छिद्र कागद चिकटवलेला दिसेल. रेझोनन्सचा उंचवटा हाच कागद खाली बसवतो, हवेला अडवून पडद्याला लगाम घालतो. सोल्डरिंग करताना तो फाटला किंवा जळला तर त्या बाजूचा आवाज बदललाच म्हणून समजा. एका कानात बेस जास्त येत असेल तर सगळ्यात आधी हा कागद तपासा.

कागद गेलाच असेल तर धंतोलीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी मायक्रोपोर पट्टी चालते. एका वेळी एकच भोक झाका, ओळखीचं गाणं ऐका, मग पुढचं झाका. साधा सेलोटेप वापरू नका. त्यातून हवा जात नाही, मागे कोंडलेली हवा पडद्याला ताठ करते आणि रेझोनन्स वर सरकतो.

बेससाठी कपाला पोर्ट पाडणं

स्पीकरच्या बॉक्सला नळी असते, मग कपालाही एक भोक पाडू, हा विचार अनेकांच्या मनात येतो. बॉक्समधला पोर्ट कोनच्या मागचा आवाज योग्य वेळी खोलीत सोडतो आणि तो पुढच्या आवाजात मिसळतो. हेडफोनच्या कपाला बाहेरून पाडलेल्या भोकाचा आवाज शेजारच्याला मिळतो, तुमच्या कानाला नाही. शिवाय माप जमत नाही. ५० घन सेंटिमीटरच्या कपात ५० हर्ट्झचा पोर्ट करायचा तर ५ मिलिमीटर व्यासाची नळी सुमारे ४७ सेंटिमीटर लांब लागते. नळी २ मिलिमीटरची घेतली तर लांबी साडेसात सेंटिमीटरवर येते, पण इतक्या अरुंद वाटेत हवा घासून तिचा जोर बराचसा संपतो. कंपनीच्या हेडफोनला जी बारीक जाळीची भोकं दिसतात, त्यांचं मुख्य काम हवेला मोजून अडवणं हे असतं.

ट्रान्समिशन लाइनचा, म्हणजे कोनच्या मागे लांब नळी देण्याचा विचारही सोडा, ५० हर्ट्झला पाव तरंगलांबी १.७ मीटर होते. भोंगाही तसाच. कस्तुरचंद पार्कसारख्या मैदानात तो लागतो, कारण तिथे मोकळ्या हवेला पकड द्यायची असते. कानाशी ती अडचणच नसते.

वूफर, ट्विटर आणि तयार क्रॉसओव्हर

टू-वे स्पीकर (बेसला वूफर, बारीक आवाजाला ट्विटर) दोन-तीन मीटरवरून ऐकला की दोन्ही ड्रायव्हरचे आवाज एकत्र होऊन येतात. कानापासून दोन सेंटिमीटरवर ते होत नाही. ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी ११ सेंटिमीटर असते, त्यामुळे ट्विटर दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी सूर बदलतो. त्यात बाजारातला तयार क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणारं सर्किट, ८ ओहमसाठी असतो. ३ किलोहर्ट्झसाठी तिथे ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसतो. तोच ३२ ओहमच्या ड्रायव्हरला लावला तर कट थेट साडेसातशे हर्ट्झवर येतो आणि बिचाऱ्या ट्विटरला भलताच भार उचलावा लागतो. कानात घालायच्या चांगल्या इन-इअरमध्ये अनेक ड्रायव्हर असतात हे खरं, पण त्यांचा आवाज बारीक नळ्यांतून कानात शिरण्याआधीच एक होतो. मोठ्या कपासाठी एकच चांगला ड्रायव्हर घ्या.

स्पीकरच्या अँप्लिफायरला जॅक जोडणं

हे मात्र फार जपून वाचा, कारण इथे बोर्ड जळतो आणि कानालाही इजा होऊ शकते.

पीएएम ८४०३ सारखे बोर्ड ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या स्पीकरच्या मायनस तारेवर ग्राउंड नसतो, तिथेही चालू आउटपुट असतं. हेडफोनच्या तीन पट्ट्यांच्या जॅकमध्ये मात्र डाव्या-उजव्या कानाची मायनस एकच असते. दोन्ही मायनस एकत्र बांधल्या की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. आधी बोर्ड गरम होतो, मग आवाज फाटतो, मग बंद पडतो.

तपासायला एक मिनिट लागतो. हेडफोन न लावता बोर्ड चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार सप्लायच्या ग्राउंडला आणि लाल तार स्पीकरच्या मायनसला लावा. ५ व्होल्टच्या सप्लायवर अडीच व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बोर्ड ब्रिजचा आहे. मग दोन्ही कानांना वेगळ्या दोन-दोन तारा, म्हणजे एकूण चार तारा न्या, नाहीतर सरळ हेडफोनचा अँप्लिफायर घ्या. मी दुसरंच सुचवेन.

त्याचं कारण आवाजाची पातळी. १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या ३२ ओहमच्या हेडफोनला ५ व्होल्टचा ब्रिज बोर्ड ०.४ वॅटपर्यंत देऊ शकतो. ते १२५ डेसिबलच्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल, तीही आठवड्याला ४० तास. कान एकदा गेले की परत येत नाहीत. शिवाय अशा बोर्डची जी सूं-सूं स्पीकरमधून कळतही नाही, ती कानाशी सतत ऐकू येते आणि आवाज कमी केल्यानं ती जात नाही.

सपाट ग्राफच्या मागे लागणं

चांगला स्पीकर मोजला की ग्राफ सपाट दिसतो. हेडफोन कानाच्या पडद्यापाशी तसा सपाट केला तर आवाज मंद, निर्जीव लागतो. खोलीतला आवाज डोक्यावरून, कानाच्या पाळीवरून आणि अडीच सेंटिमीटरच्या कानाच्या नळीतून पडद्यापर्यंत येताना ३ किलोहर्ट्झच्या आसपास बराच वाढतो. मेंदूला त्याचीच सवय असते, म्हणून हेडफोनला तो उंचवटा हवाच. स्पीकरसाठी जपून ठेवलेली इक्वलायझरची सेटिंग हेडफोनला लावू नका.

आवाज डोक्याच्या आत भरल्यासारखा वाटणं हेही बिघाडाचं लक्षण नाही. खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा मिळतो, हेडफोनमध्ये मिळत नाही. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये यावर साधं सर्किट मांडलं होतं. आज मोबाइलवरच्या बऱ्याच प्लेअरमध्ये ते क्रॉसफीड नावानं सापडतं. जुनी गाणी, ज्यांत एक वाद्य पूर्ण एकाच बाजूला असतं, त्यांना ते सुरू करून पाहा.

गादी फाटली तरी चालवत राहणं

वरचा सगळा हिशेब हवा कोंडलेली आहे असं धरून केलेला आहे. फट पडली की बेस तिथून निघून जातो. नागपूरच्या मे महिन्यात घाम आणि ४५ अंशांची उष्णता मिळून कपावरची रेक्झिनची गादी भराभर सोलते. त्यात दिवसभर कूलर घोंगावत असतो, त्याच्या आवाजाखाली उरलेला बेसही दबतो आणि माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो. बेस कमी वाटला की आधी दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबून ऐका. दाबल्यावर बेस परत आला तर ड्रायव्हर ठणठणीत आहे, गादी बदला. चष्म्याच्या काडीनं पडणारी फटही याच तपासणीत सापडते, तिथे मऊ आणि जाड गादी लागते. नवी गादी घेताना जुनीची खोली मोजून घ्या. जास्त जाड गादीनं आतली हवा वाढते आणि ड्रायव्हर कानापासून लांब जातो, त्यामुळे ट्रेबलही बदलतो.