मसाई मारा की सेरेंगेटी? बुकिंगच्या आधीची तयारी

टूरवाल्याला फोन करण्याआधी कॅलेंडर काढा आणि रजा नेमकी कधी मिळतेय ते बघा. मारा की सेरेंगेटी हा घरातला वाद तिथेच निम्मा मिटतो. केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही एकमेकांना लागून असलेली सफारीची दोन अभयारण्यं. त्यांच्यामधे देशाची सीमा आहे, पण कुंपण नाही. दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे पाऊस आणि कोवळं गवत बघून वर्षभर फिरत असतात, त्यांना पासपोर्ट लागत नाही. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते दक्षिण सेरेंगेटीत, न्डुटूच्या आसपासच्या मैदानांवर असतात आणि तिथेच पिल्लं होतात. मे-जूनमधे कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेला मारा नदीवर, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा दक्षिणेच्या वाटेवर.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून बघा. मे महिन्याची सुट्टी अवघड, कारण मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. गवत उंच होतं आणि प्राणी दिसणं कठीण जातं. शिवाय तिथली काळी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची आहे. गाडी एकदा रुतली की चाकं जागच्या जागी फिरत बसतात. दर मात्र उतरलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मारामधे कळप सापडायची आशा ठेवा, नोव्हेंबरात आली तर त्या भरवशावर जाऊ नका. नाताळात वाइल्डबीस्टच बघायचे असतील तर टांझानिया. ज्यांना मुख्यतः सिंह-चित्ते बघायचेत त्यांना मारा बारा महिने चालतं, कारण तिथले सिंह कळपांच्या मागे निघून जात नाहीत.

नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यावर झेपावणाऱ्या मगरी डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: त्याचं वेळापत्रक कोणाच्या हातात नाही. कळप काठावर येतो, तासभर उभा राहतो, एखादा पुढचा नर पाण्यापर्यंत जाऊन माघारी फिरतो आणि अख्खा कळप उलटा पळतो. ‘क्रॉसिंग नक्की दाखवू’ म्हणणाऱ्याकडे बुकिंग करू नका. आणि हा देखावा फक्त केनियातच दिसतो हेही खरं नाही. मारा नदी उत्तर सेरेंगेटीतूनही वाहते. तिथल्या कोगातेंडेच्या बाजूला याच महिन्यांत कळप नदी ओलांडतात आणि बहुतेक वेळा गाड्यांची गर्दी मारापेक्षा कमी असते.

मग दिवस मोजा. हातात चार-पाच रात्री असतील तर माझं मत सरळ माराच्या बाजूने. मुंबई-नैरोबी थेट विमान आहे, नैरोबीहून नारोकमार्गे रस्त्याने पाच-सहा तासांत पोचता येतं, किंवा तिथल्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरात. राखीव क्षेत्र जेमतेम १,५१० चौरस किलोमीटर, त्यामुळे फेरी लांबली तरी मुक्काम आवाक्यात राहतो. सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट, १४,७६३ चौरस किलोमीटर. टांझानियातल्या अरुशा शहरातून सेरेंगेटीच्या मध्यावरच्या सेरोनेरापर्यंत गाडीने अख्खा दिवस जातो. पण वाटेत न्गोरोंगोरो लागतं. तिथे सुमारे सहाशे मीटर खोल ज्वालामुखी विवरात उतरून काळे गेंडे शोधता येतात. गेंडे मारातही आहेत, पण असं विवर तिथे नाही. आठवडाभर किंवा जास्त वेळ असेल तर मी टांझानियाच निवडेन. आठ दिवसांत दोन्ही देश उरकायचा मोह मात्र टाळा. माराच्या सँड रिव्हर गेटमधून पर्यटकांना पलीकडे सोडत नाहीत. इसेबानिया किंवा नामांगाच्या सीमेवरून वळसा घालावा लागतो आणि त्यात दिवस जातो.

सोबत कोण आहे तेही बघा. आजी-आजोबांची कंबर कच्च्या रस्त्यांवर बोलायला लागते, त्यांच्यासाठी विमानाचे जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. फक्त त्या विमानात माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालतं आणि तेही मऊ पिशवीत. कडक चाकांची बॅग नैरोबीच्या हॉटेलातच ठेवून जा. गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे टूरवाल्याकडून लिहून घ्या. सहा-सात जणांच्या मिनीव्हॅनमधे मधल्या सीटवरून सफारी करणं म्हणजे पुढच्या माणसाच्या टोपीचा अभ्यास. बजेट असेल तर माराला लागून असलेल्या नाबोइशो किंवा मारा नॉर्थसारख्या कन्झर्व्हन्सीत, म्हणजे खासगी राखीव जंगलात राहण्याचा विचार करा. जमीन मसाई कुटुंबांची, भाडं त्यांना जातं आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते. राखीव क्षेत्रात रात्री फिरता येत नाही, इथे रात्रीची फेरी करता येते.

प्रवेश शुल्क पॅकेजमधे धरलंय का हे विचारा, कारण रक्कम किरकोळ नाही. २०२४ पासून मारामधे परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहेत. म्हणजे नाताळात कळप गेलेले असले तरी दर हंगामाचाच. सेरेंगेटीचं दिवसाचं शुल्क यापेक्षा कमी दिसतं, पण त्यावर कर, उद्यानात मुक्कामाचा वेगळा आकार, न्गोरोंगोरोचं वेगळं शुल्क आणि विवरात उतरणाऱ्या गाडीचे आणखी वेगळे पैसे. बेरीज करूनच तुलना करा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात, आणि केनियामार्गे टांझानियात शिरतानाही ते मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे तारखा भरलेल्या असतात, म्हणून महिनाभर आधीच नंबर लावा. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी काढायची असते, टांझानियाला ई-व्हिसा. ‘ईस्ट आफ्रिका व्हिसा’ नावाचा एकत्र व्हिसा असतो तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा; टांझानिया त्यात नाही.

बॅग भरताना प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढा. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांवर बंदी आहे, आणि आपल्याकडे तर चपलांपासून चिवड्यापर्यंत सगळं पिशवीत गुंडाळायची सवय. कापडी पिशव्या आणि डबे घ्या. खाऊ नेलात तर तंबूत उघडा ठेवू नका. माकडांना चेन उघडता येते आणि बबून लाडवांचा डबा घेऊन झाडावर गेला की परत आणायला कोणी जात नाही. जेवणाची फार चिंता नको. चपाती आणि समोसा तिकडे घरचेच पदार्थ झालेत. जैन जेवण हवं असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा.

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या त्याकडे येतात आणि सेरेंगेटीच्या झाडीत त्यांचा चावा जीन्समधूनही लागतो. लष्करी छापाचे कपडे नकोतच. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने गेलेले लोक जुलैतल्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत कुडकुडतात. स्वेटर, जाकीट आणि हो, माकडटोपीसुद्धा घ्या, तिथे कोणी हसत नाही. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी, एक दुर्बीण चौघांत फिरेपर्यंत बिबट्या फांदीवरून उतरलेला असतो. दोन्ही देशांत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. ड्रोन घरी ठेवा.

ड्रायव्हर-गाइडला द्यायच्या बक्षिसीची रक्कम आधीच बाजूला काढा, सुट्या आणि नव्या डॉलरच्या नोटांत. जुन्या, फाटक्या नोटा तिथे कोणी घेत नाही. आणि मारातून रस्त्याने निघणार असाल तर शेवटच्या सकाळची फेरी आटोपती घ्या. सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडला नाहीत तर आणखी एका दिवसाचं शुल्क भरावं लागतं.