गच्चीवरचं ग्रीनहाऊस: मुंबईत या चुका टाळा

राणीच्या बागेतलं झाडांचं प्रदर्शन आटोपलं की मुंबईत बागकामाचा हंगाम सुरू होतो, असा एक समज आहे. पिशव्या भरभरून टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपं घरी येतात, ऑनलाइन मागवलेलं ग्रीनहाऊस गच्चीवर उभं राहतं आणि एप्रिल उजाडला की तोच प्रश्न येतो: झाडं का जळतायत? टोमॅटोचं बी सप्टेंबरात पेरून ऑक्टोबरात रोपं लावायची असतात, फेब्रुवारीत तर फळं तोडायची वेळ असते. पण थांबायला सांगितलेलं कुणालाच आवडत नाही.

चारही बाजूंनी बंद प्लॅस्टिक

ही सगळ्यात महागातली चूक. ग्रीनहाऊस ही थंड मुलखातली सोय आहे: ऊन आत घ्यायचं आणि त्याची ऊब कोंडून ठेवायची. मुंबईत जानेवारीतल्या रात्रीही पारा क्वचितच १५ अंशांखाली उतरतो, त्यामुळे इथे ऊब कोंडण्याची गरजच नाही. आपल्याला छप्पर हवं ते मार्च ते मे ऊन कमी करायला आणि जून ते सप्टेंबर पाऊस अडवायला. बाजू उघड्याच बऱ्या.

मुलुंडच्या एका गच्चीवरचं उदाहरण पाहा. सहा बाय आठ फुटांचं तयार किट, पारदर्शक प्लॅस्टिक, पुढे चेनचं दार. मार्चअखेर सकाळी अकरा वाजता बाहेर ३३ अंश आणि आत झाडांच्या उंचीवर, सावलीत टांगलेल्या थर्मामीटरवर ४६. पानं मान टाकून लोंबलेली. मालकांनी ठरवलं, पाणी कमी पडतंय. म्हणून दोन वेळा पाणी सुरू झालं. आतली हवा आधीच दमट, पानांतून बाष्प बाहेर पडेना, कुंडी वाळेना. तरी झाडं उठत नाहीत म्हणून बुरशीनाशक, मग 'ताकद यावी' म्हणून १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशचं खत, शेवटी व्हिडिओत पाहिलेलं केळ्याच्या सालांचं पाणी. कुंडी उपडी केली तेव्हा मुळं तपकिरी आणि कुबट वासाची. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात नुसता दोरा राहत होता. खापर मात्र नर्सरीवर फुटलं.

झाड कोमेजलं की आधी पाण्याची झारी खाली ठेवा. दुपारी मान टाकून संध्याकाळी उठत असेल तर ती उष्णता, सावली वाढवा. सकाळी सातलाही झोपलेलंच असेल आणि माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी असेल तर पाणी द्या. सातला झोपलेलं आणि माती ओली, तर मुळं कुजतायत. त्या झाडाला पाणी बंद, खत बंद.

नव्याने बांधणार असाल तर एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा करा. पीव्हीसी पाइप उन्हात दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो. कडेला सात फूट, मध्ये नऊ फूट उंची ठेवा, कारण गरम हवा वर चढते आणि तिला डोकं वर काढायला जागा लागते. यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर न फाटणारा) २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद फक्त छपरावर, आणि माथ्याला फूटभर फट. त्या फटीवर पाऊस अडवायला कागदाचीच झडप सोडा. तयार किट घेऊन बसलाच असाल तर बाजूंचा कागद कापून टाका. नुसती दाराची चेन उघडून भागत नाही, गरम हवा वरच अडकून राहते.

उन्हाळ्यात छपरावर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट हवी, तीही कागदाला चिकटवून नाही, फूटभर वर. चिकटवली तर तापलेल्या जाळीची उष्णता थेट आत उतरते. 'ऊन फार आहे' म्हणून ९० टक्क्यांची जाळी आणू नका, तिच्याखाली नेचे होतील, मिरची नाही. हिरवी जाळी दिसायला छान, फळभाजीला पांढरी किंवा काळी बरी. आणि पहिला पाऊस पडला की जाळी उतरवायचीच. जुलैचं आभाळ स्वतःच शेडनेट असतं.

कूलर लावण्याचा सल्लाही बरेच जण देतात. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असते, तिथे पाण्याचा कूलर पंधरा अंश उतरवेल. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत फार तर चार-पाच अंश कमी होतात आणि आतली हवा नव्वद टक्के दमट होते. म्हणजे बुरशीला आमंत्रण. साधा पंखा लावा.

छप्पर बांधलं, वारा विसरला

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले होते. नुसत्या कुंड्यांच्या आधारावर उभं छप्पर अशा वेळी शेजारच्या इमारतीत जातं. पण म्हणून स्लॅबला भोकं पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पावसाळ्यात खालच्या घरात गळती सुरू होते. मग सोसायटीच्या सभेत बागेचाच विषय. खांब सिमेंट भरलेल्या बादल्यांत रोवा, वरून कठड्याला तारेने ताण द्या, वादळाचा इशारा आला की कागद सरळ उतरवून ठेवा.

उतार कमी ठेवला की कागदावर पाणी साचतं. ऐंशी चौरस फुटांवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ७४ किलो. तेच कुंड्यांचं. गच्चीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. फूटभर खोलीचे ओल्या मातीचे वाफे त्याच्या तिप्पट भरतात. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुग्याचं) हलकं मिश्रण वापरा, कुंड्या तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर ठेवा, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर नाही.

फुलं भरपूर, फळ एकही नाही

यावर सगळ्यांचं औषध एकच: आणखी खत. फूल गळतं म्हणून डीएपी टाकतात, नत्र वाढतं, पाला माजतो, फुलं गळतच राहतात. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांवर फळ धरतं, पण ते हलावं लागतं. शेतात वारा हलवतो. उघड्या बाजूंना कीटकजाळी लावली असेल तर आत वारा नसतो. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान आधाराच्या काठीवर दोन टिचक्या मारा, किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश फुलाच्या देठाला सेकंदभर टेकवा. हे रोज नाही जमलं तर एक दिवसाआड. एप्रिल-मेमध्ये रात्रही २५ अंशांच्या वर असते, तेव्हा टिचक्या मारूनही उपयोग नाही. परागच नीट होत नाहीत. त्या दिवसांत भेंडी, गवार, माठ, मायाळू लावा. टोमॅटोच हवा असा हट्ट असेल तर बाजारातून आणा.

वेलांचं गणित वेगळं. चाळीस मेशची (इंचाला चाळीस भोकांची) कीटकजाळी पांढरी माशी अडवते, मधमाशीही अडवते. मादी फुलाखालची बोटभर काकडी पिवळी पडून गळते, लोक तिला रोग समजून फवारे मारतात. नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. काकडी आणि कारल्याला हे सकाळी, दुधी आणि दोडक्याला संध्याकाळी फुलं उमलल्यावर. सकाळी उठून दुधीची फुलं शोधणाऱ्यांना कोमेजलेलीच मिळतात.

बारीकसारीक

कोकोपीटची वीट भिजवून थेट वापरू नका. त्यात क्षार असतात. दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. पाच किलोच्या विटेतून सत्तर लिटरच्या आसपास भुगा निघतो, त्यामुळे लहान बादली घेऊन बसू नका.

निंबोळी तेल लिटरला ५ मिली, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, सूर्य मावळल्यावर. भर दुपारी फवारलं की पानं भाजतात आणि दोष तेलाला लागतो.

पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला जपतात.

रोपांच्या ट्रेला संध्याकाळी पाणी घालू नका. रात्रभर ओल राहते आणि सकाळी रोपं बुंध्याशी कोलमडलेली असतात.

आणि पावसाळ्यात, बाहेर धो धो कोसळतोय म्हणून पाणी बंद करणारे बरेच असतात. तो पाऊस तुमच्याच छपराने अडवलाय, कुंडीत थेंब गेलेला नाही. कुंडी एका हाताने तिरकी करून बघा. हलकी लागली तर जुलैतही पाणी द्यायचं, सकाळी, बुंध्याशी, पानं न भिजवता.