'सेट द टोन' कुठे लिहायचं, कुठे नाही

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत स्नेहसंमेलनाचा इंग्रजी अहवाल लिहिताना 'सेट द टोन' हमखास येतं, आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी. पुढच्या सगळ्याचा सूर जी गोष्ट ठरवते, तिच्यासाठीच ते वापरा. पाहुण्यांनी भाषणाची सुरुवात अहिराणीतून केली आणि सभागृह मोकळं झालं, तर 'हिज अहिराणी ग्रीटिंग सेट द टोन फॉर द इव्हनिंग' हे चपखल. शेवटी भरीत-पुरीची पंगत बसली, ती कसला सूर ठरवणार? तिथे दुसरं काही लिहा.

भूतकाळातही रूप 'सेट'च राहतं, 'सेटेड' नाही. पुढे 'फॉर' लावून कशाचा सूर ते सांगा. सूर कसा होता हेही सांगायचं असेल तर 'द' जाऊन 'अ' येतो: 'सेट अ रिलॅक्स्ड टोन फॉर द मीटिंग'. मला हेच रूप जास्त आवडतं. नुसत्या 'सेट द टोन'मधून वातावरण हसरं होतं की तणावाचं, हे वाचकाला कळत नाही.

'टोन'च्या जागी 'ट्यून' नको. 'कॉल द ट्यून' वेगळा, त्याचा अर्थ सूत्रं हातात असणं. 'सेट द मूड' मंद दिवे, संगीत अशा वातावरणनिर्मितीला शोभतं, बऱ्याचदा प्रणयाच्या छटेने. म्हणून ग्रामसभेच्या वृत्तांतात ते टाळलेलंच बरं. 'सेट द स्टेज' म्हणजे पुढच्या घटनेची पूर्वतयारी होणं. सुराशी त्याचा संबंध नाही.