सर्टिफिकेट पुण्याचं, मशीन निपाणीला?

मागच्या महिन्यात क्लिनिक बंद करायच्या वेळेला निपाणीहून एक मुलगी भेटायला आली. ओळखीतून ओळख, शिवाय बरोबर आईने दिलेला लाडवांचा डबा, त्यामुळे परत पाठवणं जमलंच नाही. बसली, पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि पहिलं पान माझ्यापुढे केलं. सोनेरी शिक्का, होलोग्राम, वर ‘इंटरनॅशनल’ असा मोठा शब्द. पुण्यातच केलेला लेझर टॅटू रिमूव्हलचा तीन दिवसांचा कोर्स.

“ताई, हे कर्नाटकात चालेल ना? निपाणीला मशीन टाकायचा विचार आहे. बयाणा देऊन झालाय.”

हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारलेला आहे, फक्त सीमा वेगळी होती. म्हणून तिला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहिते. दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी हेच विचारत असतं.

मी मूळची जीएनएम नर्स, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांकडे चार वर्षं काढली आणि २०१५ साली लग्न होऊन मेलबर्नला गेले. तिथे नर्स म्हणून नोंदणी मिळवायची तर लांबची वाट होती. पण एकदा मिळाली की ती सगळ्या ऑस्ट्रेलियाला चालते, २०१० पासून तिथे नर्सेसची नोंदणी देशपातळीवर आहे. मी जवळची वाट धरली, लेझरचा कोर्स केला आणि एका स्टुडिओत लेझरने लोकांचे टॅटू पुसायला लागले. ज्या राज्यात मेलबर्न आहे त्या व्हिक्टोरियात टॅटूचं लेझर चालवणाऱ्या माणसाला सरकारी परवाना लागत नव्हता. कोर्स झाला, मालकाचा विश्वास बसला, की हँडपीस, म्हणजे लेझर सोडायचा दांडा, हातात.

दोन वर्षांनी नवऱ्याची बदली गोल्ड कोस्टला झाली, म्हणजे क्वीन्सलँड राज्यात. कूलँगाटा नावाच्या गावात मुलाखतीला गेले. मालकीणबाईंनी माझं सर्टिफिकेट बघितलं, छान म्हणाल्या आणि विचारलं, “परवाना नंबर?” मी पुन्हा सर्टिफिकेट पुढे सरकवलं. त्यांनी ते हसून परत केलं. क्वीन्सलँडमध्ये १९९९ चा रेडिएशन सेफ्टी कायदा आहे आणि क्लास ४ लेझर माणसाच्या अंगावर चालवायचं तर त्याखाली चालवणाऱ्याचा स्वतःचा परवाना लागतो. मशीन ठेवणाऱ्या मालकाचा परवाना वेगळा. टॅटू पुसायची सगळी लेझर मशिनं क्लास ४ मध्येच येतात, म्हणजे सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातही परवाना लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये नाही, व्हिक्टोरियात नाही.

आता गंमत बघा. कूलँगाटाला लागूनच ट्वीड हेड्स आहे, आणि ते न्यू साउथ वेल्समध्ये. मध्ये नदी नाही, नाका नाही. नुसता रस्ता, नावही बाउंड्री स्ट्रीट. बाईंची दुसरी शाखा पलीकडे होती. तेच मशीन, त्याच कंपनीचं. अलीकडे मी हात लावला तर गुन्हा, पलीकडे उद्यापासून कामावर या. सात महिने मी रोज सीमा ओलांडून कामाला गेले. त्यात ऑक्टोबर उजाडला की न्यू साउथ वेल्सची घड्याळं एक तास पुढे जातात आणि क्वीन्सलँडची तिथेच राहतात. दहाची वेळ घेतलेला माणूस आरामात अकराला यायचा आणि वर मलाच घड्याळ दाखवायचा!

त्या काळात मी कायदे वाचायला लागले. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून परस्पर मान्यतेचा कायदा आहे. एका राज्यात ज्या व्यवसायाचा परवाना आहे, त्याच व्यवसायाचा परवाना दुसऱ्या राज्यात त्याच्या आधारावर मागता येतो. मला वाटलं, सुटले. पण तो कायदा परवान्याला मान्यता देतो, कोर्सला नाही. व्हिक्टोरियाने मला परवाना दिलेलाच नव्हता, कारण तिथे तो नव्हताच. मग क्वीन्सलँडने मान्यता द्यायची कशाला? उलट क्वीन्सलँडचा परवाना हातात असता तर पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थला जाताना उपयोग झाला असता. नियम ढिले असलेल्या ठिकाणाहून कडक ठिकाणी जाताना रिकाम्या हाताने जावं लागतं, हे मला तिथे कळलं. नवीन मुलींना वाटतं, जिथे काही विचारत नाहीत तिथे सुरुवात सोपी. सुरुवात सोपी असतेच. अडतं ते पुढे.

शेवटी क्वीन्सलँडचा परवाना काढला. लेझर सुरक्षेचा वेगळा कोर्स, देखरेखीखाली काम, मग अर्ज. त्यात मला कशाने तारलं असेल तर एका वहीने. पुण्यातल्या माझ्या जुन्या डॉक्टरांची सवय होती, प्रत्येक पेशंटची ओळ लिहायचीच. तीच सवय मी मेलबर्नला नेली. तारीख, त्वचेचा प्रकार, शाईचा रंग, व्यावसायिक टॅटू की हौशी, लेझरची तरंगलांबी, स्पॉट म्हणजे किरणाचा ठिपका किती मिलिमीटर, ऊर्जा किती, लगेच काय दिसलं, पुढच्या सिटिंगला काय दिसलं, आणि खोलीत कोण वरिष्ठ होतं. शेवटचे दोन रकाने सगळे गाळतात. माझ्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी सर्टिफिकेटवर नजर टाकली असेल पाच सेकंद, वही चाळली अर्धा तास.

२०२१ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. आता इथली गोष्ट. एक्स-रे मशीन ठेवायचं तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, तसा लेझर चालवणाऱ्याचा परवाना आपल्याकडे नाही. याचा अर्थ रान मोकळं आहे असा पुष्कळ इन्स्टिट्यूटवाले सांगतात. तसं नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं टॅटूवरच्या लेझरला डॉक्टरी उपचारच मानतात. काही बिघडलं, प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर पहिला प्रश्न येणार की करणारा कोण होता, त्याची नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे. होलोग्रामला कौन्सिल नसते.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. परत आल्यावर पहिली नोकरी एका सौंदर्य क्लिनिकमध्ये धरली. नाव लिहीत नाही. मालक म्हणाले, तुम्ही परदेशातून आलात, तुम्हीच करा सगळं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी आली, मनगटावर काळ्या अक्षरांत नाव आणि शेजारी लाल बदाम. काळ्याला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर, लालला ५३२. इथपर्यंत बरोबरच. पण ५३२ ची ऊर्जा मी मेलबर्नच्या हाताने लावली. तिथे माझ्यासमोर बहुतेक गोरी कातडी असायची, त्वचेचे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर पहिला-दुसरा प्रकार. आपल्याकडे चौथा-पाचवा. १०६४ चा प्रकाश मेलॅनिनला, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याला, तुलनेने कमी छेडतो, खोल उतरतो. ५३२ मात्र लाल शाईइतकंच आपल्या कातडीच्या रंगालाही पकडतं. आधी छोट्या जागेवर करून बघायचा टेस्ट पॅच केला नव्हता, कारण मुलगी घाईत होती आणि मी तोऱ्यात. दोन महिन्यांनी ती दाखवायला आली. लाल बदाम गेला होता, त्याच्या जागी नेमका तसाच पांढरा बदाम उमटला होता. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, “आता तर लांबूनही दिसतं.”

मालकांनी हात वर केले, ‘मॅडमनी केलं’. खरंच होतं ते. महिन्याभरात मी ती नोकरी सोडली आणि माझ्या जुन्या डॉक्टरांकडे परत गेले. तिथे हँडपीस डॉक्टर धरतात. मी फोटो काढते, संमतीपत्र समजावते, सुन्न करायचं क्रीम लावते, गॉगल तपासते, गार हवेचा पाइप धरते, ड्रेसिंग करते. पहिले काही महिने टोचलं. क्वीन्सलँडचा परवाना होता माझ्याकडे, आणि इथे मी पाइप धरून उभी! पण तो परवाना क्वीन्सलँडचाच होता, आणि पांढरा बदाम पुण्यातला.

गॉगलचं जाता जाता सांगते. गॉगलच्या काचेवर तरंगलांबी आणि ओडीचा, म्हणजे काच तो प्रकाश किती अडवते त्याचा, आकडा छापलेला असतो. १०६४ चा गॉगल ५३२ ला चालेलच असं नाही. तो आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. मी बघितलंय, लोक नुसता काळा चष्मा घालून बसतात.

पुण्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती भरतीची पोरं. लष्कराच्या नियमात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. बाकी कुठे असला की नापास. कुणाच्या मानेवर ‘आई’, कुणाच्या दंडावर वाघ, कुणाच्या छातीवर जत्रेत गोंदवलेलं नाव, जिचं आता दुसरीकडे लग्न झालंय. जत्रेतलं गोंदण बहुधा काजळीचं, शाई थोडी, ते लवकर उतरतं. स्टुडिओतला गच्च भरलेला रंगीत वाघ हट्टी. हिरव्या-निळ्याला ७५५ किंवा ६९४ लागतं, ते मशीन प्रत्येकाकडे नसतं. आणि पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई असेल तर पहिल्याच शॉटला काळी पडू शकते.

पोरगं म्हणतं, भरती पुढच्या महिन्यात आहे, दोन सिटिंग उरकून टाका. दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात. लेझर शाईचे कण फोडतं, पण ते उचलून न्यायचं काम शरीरातल्या पेशी करतात आणि त्यांना भरतीची तारीख माहीत नसते. नाही म्हणायला शिकायचं असेल तर या टेबलावर बसावं. वडील बरोबर असले की जास्त अवघड.

बाहेर जायचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमिरातीत जायचं म्हणजे एका देशात जायचं असं समजू नका. दुबईला डीएचए म्हणजे दुबई हेल्थ ऑथॉरिटी, अबू धाबीला तिथलं आरोग्य खातं, शारजा वगैरेंना केंद्राचं मंत्रालय, प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि डेटाफ्लो नावाच्या पडताळणी कंपनीमार्फत कागद थेट तुमच्या कॉलेजकडून पडताळले जातात. ब्रिटनमध्ये वेल्सला क्लास ४ लेझर असलेल्या जागेची हेल्थकेअर इन्स्पेक्टोरेट वेल्सकडे नोंदणी लागते, इंग्लंडमध्ये देशभराची तशी सक्ती नाही. त्यामुळे एजंटाला “कुठल्या देशात” एवढं विचारून भागत नाही. कुठलं राज्य, परवाना माणसाला की जागेला की मशीनला, हे विचारा. एजंट गडबडला तर समजून जा.

तर ती निपाणीची मुलगी. मी तिची फाइल उलटी केली. सगळ्यात खाली, दुमडलेलं, कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र. बेळगावला जीएनएम केलेलं.

“हे खाली का ठेवलंस?”

“ते काय, नर्सिंगचंच आहे.”

तिला म्हटलं, सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून काही जाणार असेल तर ते हे. पुण्यात नोकरी करायची तर कर्नाटक कौन्सिलची एनओसी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करता येते. वेळ लागतो, हेलपाटे होतात, पण रस्ता आहे. सोनेरी शिक्क्याचा कागद निपाणीत काय नि पुण्यात काय, सारखाच. त्याने तुला स्वतःचं मशीन टाकता येत नाही. शिवाय कर्नाटकात खाजगी दवाखान्यांसाठी केपीएमई कायदा आहे, २००७ चा, साधं क्लिनिक काढायलाही त्याखाली नोंदणी लागते. डॉक्टरशिवाय कुणाच्या नावाने करणार?

“म्हणजे पैसे बुडाले?”

बयाण्याचा आकडा तिने सांगितला तेव्हा मी पाणी प्यायले. त्या विक्रेत्याला फोन लावायला सांगितला. त्याने आधी ‘ऑल इंडिया व्हॅलिड आहे मॅडम’ म्हटलं, मग कुठल्या नियमाने ते लिहून पाठवा म्हटल्यावर रेंज गेली. दुसऱ्या दिवशी तिने लेखी पत्र टाकलं. निम्मे परत आले, निम्म्यांचं भांडण अजून चालू आहे.

त्या संध्याकाळी तिची स्वारगेटहून रात्रीची गाडी होती. मध्ये वेळ होता म्हणून आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो आणि तिला एक दोनशे पानी फुलस्केप रजिस्टर घेऊन दिलं. दुकानातच काउंटरवर वही उघडून ती पट्टीने रकाने आखायला लागली. आठ आखून झाल्यावर थांबली आणि विचारलं, “ताई, शेवटचे दोन कुठले म्हणालात?”