‘हळूच’ शोधताना

प्रेमकथेचा पहिला खर्डा झाला की आठवडाभर तो उघडू नका. मग कंट्रोल-एफ दाबून आपले लाडके शब्द शोधा. माझ्या कादंबरीत ‘हळूच’ ४७ वेळा सापडला. नायिका हळूच हसायची, हळूच बघायची, चहाही हळूच ओतायची. सरसकट खोडू नका. प्रत्येक ठिकाणी विचारा, या क्षणी तिचे हात काय करताहेत?

मला उत्तर दादर स्टेशनच्या पुलावर मिळालं. एका मुलीनं बोलता बोलता सोबतच्या मुलाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मी तिथंच तिकिटामागे लिहून घेतलं. असं रोज एक टिपा.

नकार आला तरी पहाटेची लिहिण्याची बैठक मोडू नका. माझं हस्तलिखित तीनदा साभार परत आलं. चौथ्या खर्ड्यात ते बटण आहे.