हाडपेर मोठं की पोट मोठं? घरच्या टेपने कसं ओळखायचं

गेल्या डिसेंबरात नागपुरातल्या आमच्या कॉलनीत हेल्थ चेकअपचा कॅम्प होता, मी आणि माझी मोठी जाऊ दोघी गेलो, तिथे उंची-वजन घेतलं आणि एकेक चिठ्ठी हातात दिली. माझ्या चिठ्ठीवर बीएमआय 25.2 आणि पुढे लाल पेनाने "लठ्ठ", जाऊबाईंच्या चिठ्ठीवर 21.9, "नॉर्मल". पोटाला टेप कोणी लावलाच नाही. मी त्या रात्रीपासून अर्ध्या भाकरीवर आले, त्या निवांत झाल्या, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी दोघींचं रक्त तपासलं तर त्यांचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 6.1, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, माझं 5.3. दोघींची उंची सारखीच, 157 सेंटीमीटर, एकाच घरात एकाच कढईतलं खातो. "मायबाई, मी तर बारीक आहे ना, मग मलाच काहून?" हे त्या रिपोर्ट हातात धरून विचारत होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, घरातल्या सगळ्यांची मापं घेतली. ते सगळं कसं करायचं ते लिहिते, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी एवढं समजून घ्या की बीएमआयला तुमच्या शरीरातलं काहीच दिसत नाही. किलोतलं वजन, भागिले मीटरमधली उंची, आलेल्या उत्तराला परत उंचीने भागायचं, झालं. माझं 62 भागिले 1.57, परत भागिले 1.57, आलं 25.2. हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे बसलीय, हे त्यात येतच नाही. हे सूत्र बेल्जियमच्या केतले नावाच्या माणसाने 1830च्या दशकात मांडलं, तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि गणितवाला होता, त्याला हजारो लोकांमधून "सरासरी माणूस" काढायचा होता. बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये अमेरिकेतल्या अॅन्सेल कीज यांनी दिलं, तेही लोकसंख्येच्या अभ्यासासाठी. म्हणजे गर्दी मोजायचं माप आपण एकेका बाईच्या चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून राहिलो.

काय लागेल

शिंप्याकडचा असतो तो कापडी टेप, एक फूटपट्टी, पेन्सिल, वजनकाटा आणि आपल्या उंचीपेक्षा थोडी लांब सुतळी. टेप जुना असेल तर आधी फूटपट्टीवर ठेवून बघा, वापरून वापरून ताणला जातो, आमचा 30 सेंटीमीटरमागे जवळपास अर्धा सेंटीमीटर खोटं सांगत होता, नवीन आणला.

उंची आणि वजन

सकाळी उठल्यावर मोजा, दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची साधारण सेंटीमीटरभर कमी होते. चपला काढा, अंबाडा सोडा, टाचा आणि पाठ भिंतीला, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून भिंतीवर खूण. वजन पोट साफ झाल्यावर, चहा-पोह्याच्या आधी.

मनगट, म्हणजे चण

आपल्याकडे याला किती छान शब्द आहेत, लहान चणीची, हाडापेराने मोठी, आडव्या बांध्याची. माझ्या सासूबाई मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, पोरगी हाडापेराने मजबूत आहे. तेच आकड्यात काढायचं.

उजव्या हातातल्या बांगड्या, घड्याळ, दोरे सगळं काढा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं त्याच्या लगेच पुढे, पंजाच्या बाजूला, टेप गुंडाळा, चिकटला पाहिजे पण रुतायला नको. आता सेंटीमीटरमधल्या उंचीला मनगटाच्या मापाने भागा. बायकांचं उत्तर 11 च्या वर आलं तर चण लहान, 10.1 ते 11 मध्यम, 10.1 च्या खाली मोठी. पुरुषांचं 10.4 च्या वर लहान, 9.6 ते 10.4 मध्यम, 9.6 च्या खाली मोठी. माझं मनगट 16, उत्तर 9.8, चण मोठी. ताईंचं, म्हणजे जाऊबाईंचं, 14, उत्तर 11.2, चण लहान.

इथे बायका एक शॉर्टकट मारतात, म्हणतात मला दोन-चारची बांगडी होते म्हणजे माझं हाड बारीक. तसं नाही हो. बांगडी मनगटावरून नाही, बोटांच्या पेरांवरून आणि अंगठ्याच्या बुडावरून जावी लागते, हात मऊ असेल तर इतवारीतला कासार लहान मापाचीही सहज चढवतो, मनगट कितीही असो. टेपच लावा. आणि आपल्या मे महिन्याच्या 45 डिग्रीत दुपारी हात सुजल्यासारखे होतात, तेव्हा सकाळीच मोजा. गरोदर बाई किंवा हातापायावर सूज असणारा कोणीही असेल तर हे माप धरूच नका.

कोपर, पटत नसेल तर

जाड माणसाच्या मनगटावरही थोडी चरबी असते, कोपराच्या हाडावर फार कमी, म्हणून कोपर जास्त भरवशाचं. हात समोर सरळ करा, कोपरात काटकोनात वाकवा, बोटं वर, मनगटाची आतली बाजू आपल्याकडे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने कोपराच्या दोन्ही बाजूंची टोकाची हाडं पकडा, तसंच अंतर न हलवता फूटपट्टीवर धरा. 5 फूट ते 5 फूट 3 इंच उंचीच्या बाईचं 5.7 ते 6.4 सेंटीमीटर असेल तर मध्यम, 5 फूट 4 ते 5 फूट 7 इंचाच्या पुरुषाचं साधारण 6.7 ते 7.3. हा तक्ता अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ विमा कंपनीचा आहे, 1983 चा, उंचीही इंचभर टाचेच्या बुटासकट धरलेली आहे. आपल्या लोकांसाठी तो बनवलाच नव्हता, म्हणून अंदाज घ्या, शिक्का मारून घेऊ नका.

आता एक गोष्ट मी अगदी कळवळून सांगते, कारण मोठ्या चणीच्या आम्हा बायकांची हीच पळवाट असते. सगळ्या हाडांचं मिळून वजन शरीराच्या सुमारे 15 टक्के, म्हणजे माझ्या 62 किलोत नऊ-साडेनऊ किलो. तेवढ्यात चण रुंद आहे म्हणून थोडा फरक पडेल, पण पंधरा-वीस किलो जास्त असतील तर ते हाडाच्या नावावर टाकता येत नाहीत. हाडापेराने मोठी असणं खरं आहे आणि पोट सुटलेलं असणंही खरं असू शकतं, दोन्ही एकाच वेळी.

कंबर, हे सगळ्यात महत्त्वाचं

पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नाही, पुरुष पॅन्ट ढेरीच्या खाली बांधतात आणि म्हणतात मी अजून 34 च आहे. अंगावरून हात फिरवून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कंबरेचं हाड शोधा, दोन्हीच्या मधोमध टेप, मागूनही सरळ रेषेत, आरशात बघा. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडल्यावर वाचा, पोट आत ओढू नका. भारतीय बायकांसाठी 80 सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही लक्ष्मणरेषा. माझी 76, ताईंची 84. तिथेच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, हातपाय काड्यांसारखे आणि चरबी सगळी पोटात, आतड्या-लिव्हरच्या आजूबाजूला, आणि इन्सुलिनचं काम बिघडवते ती हीच चरबी.

टेप नसेल तर सुतळी. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी कापा, बरोबर मधोमध दुमडा आणि ती दुमडलेली सुतळी कंबरेभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक, नाही जुळली तर कंबर उंचीच्या अर्ध्याहून जास्त आहे. सासूबाईंना आकडे नको होते, त्यांना हे लगेच समजलं.

आपल्या लोकांचं हे बारीक-पण-चरबीवालं प्रकरण जगाला दाखवलं ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणूनच भारतात 25 ची वाट न बघता 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. आणि जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेटच्याच तज्ज्ञगटाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवर कोणाला लठ्ठ ठरवू नका, सोबत कंबरेसारखं निदान एक माप घ्या.

आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं

बीएमआय नॉर्मल आणि कंबर जास्त, हे ताईंसारखं, यात थांबू नका, उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी करून घ्या, बाहेर परवडत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत जा. बीएमआय जास्त, चण मोठी, कंबर हद्दीत, हे माझ्यासारखं, तर उपाशी राहू नका, पण तपासणी वर्षातून एकदा कराच कारण 25 म्हणजे काही मोकळीक नाही. माझा पुतण्या कबड्डी खेळतो, 172 उंची, 80 किलो, बीएमआय 27, कंबर 83, त्याचं वजन मांड्या-खांद्यात आहे, त्याला लठ्ठ म्हणणं चूक. दोन्ही जास्त असेल तर चण मोजत बसण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा. अठराच्या आतल्या मुलांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचे तक्ते वेगळे. आणि म्हाताऱ्या माणसांचं उलटं होतं, स्नायू झिजतात, उंची कमी होते, बीएमआय चांगला दिसतो आणि ताकद गेलेली असते, तिथे खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का तेही बघा.

मापं दर तीन महिन्यांनी घ्या, तोच टेप, तीच जागा, सकाळचीच वेळ. आम्ही फ्रिजवरच्या कालनिर्णयवर लिहितो. ताई आता रोज जेवणानंतर वीस मिनिटं चालतात, रविवारी अंबाझरीला चक्कर मारतो, सावजीचा रस्सा महिन्यातून एकदा आणि भात एक वाटी. वजन 54 चं 53 झालंय फक्त, पण टेप 84 वरून 81 वर आलाय. पुढचं एचबीएवनसी पुढच्या महिन्यात आहे.